औषधानं लिव्हर दुखावलं तर: टीबीच्या गोळ्या, कावीळ आणि दवाखाना



विहारातल्या आरोग्य बैठकीत टीबीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सिस्टर, गोळ्या सुरू झाल्यापासून लघवी लालभडक होऊन रायली. कावीळ तर नाही झाली?" बहुतेक वेळा उत्तर सोपं असतं. टीबीच्या गोळीत रिफाम्पिसिन नावाचं औषध असतं, त्याचा रंगच तांबडा. गोळी घेतल्यावर काही तास लघवी नारंगी-लाल होते, कधी घाम आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा रंगतं. भूक चांगली आहे, डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच आहे, तर भ्यायचं कारण नाही. या भीतीपोटी कोणी गोळ्या बंद केल्या असतील तर त्यांना आजच समजावून सांगा.

पण दुसरा एक प्रश्न आहे, तो कोणी विचारत नाही. "गोळ्या घेतल्या की पोटात कालवते, जेवनच जात नाही." हे रुग्ण सांगत नाही, कारण त्याला आशाताईंपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी बजावलेलं असतं की काहीही झालं तरी गोळी सोडायची नाही. सांगितलं तर रागावतील, असं त्याला वाटतं. मग दोनच गोष्टी घडतात. एक तर माणूस उलट्या करत, न जेवता, निमूट गोळ्या गिळत राहतो आणि एक दिवस पिवळा होऊन दवाखान्यात येतो. नाही तर गुपचूप गोळ्या सोडतो, आणि काही महिन्यांनी त्याचा टीबी पुन्हा डोकं वर काढतो, या वेळी कदाचित साध्या औषधांना न जुमानणारा होऊन. दोन्हीकडे जीव जाऊ शकतो. "गोळी सोडू नका" हे वाक्य खरंच आहे, पण ते अर्धं आहे. "आणि त्रास झाला तर त्याच दिवशी सांगा" हे उरलेलं अर्धं आपल्या वस्तीत पोचलेलं नाही.

मटणाच्या दुकानात आपण जी कलेजी मागून घेतो, ते बकऱ्याचं लिव्हर. माणसाचं लिव्हर उजव्या बरगडीखाली असतं. पोटात गेलेलं अन्न, दारू, औषध, जडीबुटी सगळं रक्तातून आधी त्याच्याकडे जातं. ते औषध फोडतं आणि बाहेर काढायच्या लायक करतं. हे करताना काही औषधांचे असे तुकडे तयार होतात की त्यांनी लिव्हरच्याच पेशी मरतात. टीबीच्या पहिल्या दोन महिन्यांच्या एकत्रित गोळीत चार औषधं असतात. त्यांतली आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन लिव्हरवर भार टाकतात. चौथं इथाम्ब्युटॉल, त्याचा लिव्हरला सहसा त्रास नाही (त्याचं लक्ष डोळ्यांकडे असतं, पण तो वेगळा विषय).

हे किती जणांना होतं? बहुसंख्य रुग्णांना होत नाही, हे आधी लक्षात घ्या. पण औषधांमुळे लिव्हर बिघडून भारतातल्या मोठ्या रुग्णालयांत जे येतात, त्यांत टीबीची औषधंच सगळ्यात पुढे आहेत. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. हर्षद देवरभावी आणि देशभरातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 1288 रुग्णांची नोंद 2021 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतल्या सुमारे 46 टक्के रुग्णांना त्रास टीबीच्या औषधांनी झाला होता. सुमारे 14 टक्के रुग्णांना आयुर्वेदिक आणि तत्सम पर्यायी औषधांनी. एकूण रुग्णांपैकी साधारण आठात एक जण दगावला. परदेशी पुस्तकांत पहिला नंबर बहुधा पॅरासिटामॉलचा असतो. आपल्याकडे टीबीचा आहे, कारण टीबी आपल्याकडे आहे. आणि टीबी कुठे आहे ते सांगायला डॉक्टर लागत नाही. एका खोलीत सहा माणसं, खिडकी नाही, जिनिंगमधली कापसाची धूळ, पोटात अर्धी भाकर. फ्रेजरपुऱ्यातली असो की अकोट फैलातली, गोष्ट तीच.

धोका कोणाला जास्त? वजन कमी असलेल्यांना, वयस्कांना, बायांना थोडा अधिक, आधीच हिपॅटायटिस बी किंवा सी असलेल्यांना, एचआयव्हीसह जगणाऱ्यांना, आणि दारू पिणाऱ्यांना. दारूबद्दल दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगते. पहिली, टीबीचा उपचार चालू असताना एक पेग सुद्धा नाही. पंचशीलातलं पाचवं शील या सहा महिन्यांत औषधासारखंच पाळायचं. दुसरी गोष्ट दवाखान्यातल्या मंडळींसाठी. आपल्या वस्तीतला माणूस पिवळे डोळे घेऊन आला की काही ठिकाणी पहिला प्रश्न "किती पितो रे?" हाच असतो, आणि उत्तर ऐकायच्या आत कागदावर दारू लिहून होते. कधी दारूला शिवलेलाच नाही असा माणूसही त्यात अडकतो. मग गोळ्यांकडे कोणी बघत नाही आणि त्या चालूच राहतात. म्हणून नातेवाइकांनी न विचारताच, स्पष्ट आवाजात सांगायचं: "यांना टीबीच्या गोळ्या अमुक तारखेपासून सुरू आहेत."

आता मुख्य मुद्दा. डोळे पिवळे होण्याच्या आधी काही दिवस मिळतात. भूक मरते. डाळीच्या फोडणीच्या वासानंही मळमळतं. अंग गळून जातं, उजव्या बरगडीखाली जड वाटतं, कधी बारीक ताप, कधी अंगाला खाज. बिडी-तंबाखू ओढणाऱ्याला बिडी नकोशी होते, हे मी वॉर्डात पुष्कळदा ऐकलं आहे. हे बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतं, पण नंतरही होऊ शकतं. याच दिवसांत रक्त तपासलं आणि औषध थांबलं तर बहुतेकांचं लिव्हर स्वतःच सावरतं. पिवळं झाल्यावरही पुष्कळ जण वाचतात, पण वाट लांबते.

फक्त थोडी मळमळ असेल आणि जेवण जात असेल, तर गोळ्या सोडू नका. त्या दिवशीच आशाताईंना किंवा टीबी कर्मचाऱ्याला सांगा आणि एक-दोन दिवसांत लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या. पण उलट्या थांबत नाहीत, जेवण बंद झालं, डोळे पिवळे दिसतात किंवा लघवी दिवसभर कोऱ्या चहासारखी काळपट होते, तर पुढचा डोस घेऊ नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. डोळे दारात उभं करून उन्हाच्या उजेडात बघायचे, पिवळ्या बल्बखाली सगळेच पिवळे दिसतात. माणूस बरळतो, दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं, तर सकाळची वाट बघायची नाही. 108 ला फोन करायचा.

कुठे जायचं? अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपलं इर्विन. 14 एप्रिलला ज्या इर्विन चौकात आपण बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करायला जमतो, तिथलंच. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय, अशोक वाटिकेजवळचं. टीबीची तपासणी आणि औषधं राष्ट्रीय कार्यक्रमात मोफतच आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार आणि तपासण्याही मोफत आहेत. खासगीत जावं लागलं, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आणि तो उपचार बसतो का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

जाताना एक पिशवी न्या. तिच्यात घरातली सगळी औषधं टाका: टीबीच्या गोळ्यांचं पाकीट, मेडिकलमधून आणलेली तापाची पट्टी, गुडघ्यासाठी घेतलेल्या खुल्या गोळ्या, काढ्याची बाटली, बाबाने दिलेली पुडी. लाजायचं नाही. डॉक्टरांना औषधाचं नाव आणि ते कधी सुरू केलं ती तारीख कळली की अर्धं निदान झालं.

रुग्णालयात गेल्यावर काय होतं ते माहीत असलं की भीती कमी होते. पहिली गोष्ट, लिव्हरला त्रास देणारी औषधं थांबवली जातात. रक्तात एसजीपीटी, बिलिरुबिन, साखर, किडनीची तपासणी आणि पीटी-आयएनआर बघतात. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई यांच्या तपासण्या आणि सोनोग्राफी होते, कारण घाणेरड्या पाण्यातून आलेली कावीळही अगदी अशीच दिसते. एसजीपीटीची वरची मर्यादा साधारण 40 धरली, तर त्रास होत असताना आकडा तिप्पट म्हणजे 120 च्या वर, किंवा काही त्रास नसतानाही पाचपट म्हणजे 200 च्या वर गेला, की औषध थांबवतात.

नातेवाईक रोज एकच विचारतात, "एसजीपीटी किती आला?" तो उतरला की पेढे वाटायच्या बेतात असतात. पण त्याच्याइतकंच आयएनआरकडे बघा. एसजीपीटी हा पेशी मरताना रक्तात सांडणारा पदार्थ आहे. मरायला पेशीच उरल्या नाहीत तरी तो आकडा उतरतो. रक्त गोठवणारे घटक लिव्हर बनवतं, आणि ते काम किती चाललं आहे हे आयएनआर सांगतो. एसजीपीटी उतरतोय आणि आयएनआर चढतोय, ही वाईट खूण आहे. अशा वेळी "पुढे पाठवायची गरज आहे का?" हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. बेशुद्ध माणसाला हलवण्यापेक्षा शुद्धीवर असताना हलवणं कितीतरी बरं.

औषधानं दुखावलेल्या लिव्हरवर जादूची सलाईन नाही. "बाटली लावा ना" असा हट्ट धरू नका. उलट्या होत असतील, साखर उतरली असेल तर ते स्वतःच लावतील. लिव्हर टॉनिकच्या महागड्या बाटल्यांनी मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत. खरा उपचार म्हणजे दोषी औषध थांबवणं, बारीक लक्ष ठेवणं आणि लिव्हरला स्वतःला सावरायला वेळ देणं. लक्ष ठेवण्यात घरच्या माणसाचा वाटा मोठा आहे, कारण एका सिस्टरच्या वाट्याला चाळीस-पन्नास खाटा असतात.

रोज सकाळी रुग्णाला कागदावर नाव लिहायला लावा. अक्षर कालच्यापेक्षा बिघडलं, सही जमेना, तर लिव्हरमधली घाण मेंदूपर्यंत पोचू लागली असण्याची शक्यता आहे. लिहिता येत नसेल तर घरातल्या लेकरांची नावं विचारा. हात समोर ताठ धरून पंजे वर करायला सांगा. पंजे पाखराच्या पंखासारखे फडफडले तर लगेच सिस्टरला बोलवा. लॅक्ट्युलोज नावाचं गोड औषध दिलं जातं, त्यानं दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला व्हायला हवं. "जुलाब लागले" म्हणून नातेवाईक ते परस्पर बंद करतात. तसं करू नका. फार पातळ होत असेल तर सिस्टरला सांगा, त्या प्रमाण कमी करून घेतील. रुग्ण रात्री बडबडतो म्हणून बाहेरून झोपेची गोळी आणून देणं तर फार घातक. लिव्हर साखर साठवतं, ते थकलं की साखर अचानक उतरते. म्हणून माणूस सुस्त दिसला की "झोपू द्या" म्हणण्याआधी साखर तपासायला सांगा.

खाण्याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज. हळद पिवळी म्हणून बंद, तेल बंद, डाळ बंद, नुसतं उसाचा रस आणि मुरमुरे. आधीच वजन कमी असलेल्या टीबीच्या रुग्णाला उपाशी ठेवून त्याचं लिव्हर कसं भरून येईल? हळदीनं कावीळ वाढत नाही. जेवढं जाईल तेवढं, थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या: वरण-भात, ज्वारीची मऊ भाकर, दूध, अंडं, केळ. झोपताना काहीतरी पोटात असू द्या. बर्फ घातलेला गाडीवरचा रस टाळा, त्या बर्फातून दुसरी कावीळ येऊ शकते.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. हगवणीनं आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता, कोणी बघत नव्हतं. भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः धुतलं. तो प्रसंग आपण धम्मदेसनेत ऐकतो. त्याच्याच पुढे रुग्णाची आणि शुश्रूषा करणाऱ्याची लक्षणं सांगितली आहेत, ती मात्र कमी ऐकायला मिळतात. चांगला रुग्ण तो, जो आपला आजार वाढत असेल तर वाढतो आहे आणि कमी होत असेल तर कमी होतो आहे, असं जसंच्या तसं सांगतो. मला नर्सिंगच्या पुस्तकात याहून नेमकं काही वाचल्याचं आठवत नाही. उलटी लपवणारा रुग्ण आणि उलटी सांगितल्यावर डाफरणारा कर्मचारी, दोघांनाही हे सांगायला हवं.

मग टीबीचं काय? औषध थांबलं म्हणजे टीबी बरा झाला नाही. टीबी जोरात असेल तर लिव्हर सावरेपर्यंत लिव्हरला न दुखावणारी औषधं देतात, जसं इथाम्ब्युटॉल, लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि गरज पडली तर इंजेक्शन. एसजीपीटी दुपटीच्या खाली आला, भूक परतली, की जुनी औषधं एकेक करून पुन्हा सुरू होतात. बहुधा आधी रिफाम्पिसिन, काही दिवसांनी आयसोनियाझिड, प्रत्येक पायरीवर रक्ततपासणी. पायराझिनामाइड शेवटी, आणि त्रास मोठा झाला असेल तर ते देतच नाहीत. मग उपचार सहाऐवजी नऊ महिन्यांपर्यंत लांबतो.

इथेच माणसं गळतात. "ज्या गोळीनं मरता मरता वाचलो तीच पुन्हा?" ही भीती खोटी नाही. पण दिल्लीच्या एम्समध्ये अशा 175 रुग्णांना औषधं पुन्हा सुरू करून बघितली, त्याचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. 19 जणांना पुन्हा त्रास झाला, बाकीच्यांना औषधं सोसली. म्हणजे दहातले जवळपास नऊ. ही पायरी मात्र देखरेखीखालीच. घरी उरलेलं पाकीट काढून एकदम चारही औषधं सुरू करणं म्हणजे विस्तवाशी खेळ. सुट्टी होताना कार्डावर तीन गोष्टी लिहून मागा: कोणत्या औषधानं त्रास झाला, तेव्हा एसजीपीटी किती होता, आता कोणती औषधं कोणत्या तारखेपासून. निक्षय क्रमांकही लिहून घ्या. उपचार लांबला तर निक्षय पोषण योजनेचे पैसेही पुढे चालू राहायला हवेत; नोव्हेंबर 2024 पासून ते महिना 500 ऐवजी 1000 रुपये आहेत. जमा होत नसतील तर टीबी युनिटला किंवा 1800-11-6666 या मोफत क्रमांकावर विचारा.

टीबीशिवायची औषधंही आहेत. फिटची काही औषधं, संधिवाताची मेथोट्रेक्सेट (ही आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही). तापाची पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात चांगलीच, पण धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला 4 ग्रॅमच्या वर नाही, आणि कुपोषित किंवा दारू पिणाऱ्याला 2 ग्रॅमच्या वर नको. 650 ची गोळी दिवसातून तीन वेळा घेतली की जवळपास 2 ग्रॅम झालेच. त्यावर सर्दीची गोळी घेतली तर तिच्यातही बहुधा तेच असतं. घरात कोणी रागाच्या भरात पट्टीच गिळली, तर पहिला दिवस माणूस ठणठणीत दिसतो. फसू नका. यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टिन, आणि तो आठ तासांच्या आत मिळाला तर सगळ्यात चांगला. उशीर झाला असेल तरी न्या. आणि त्या पोरीला वाटेत बोलणी बसू देऊ नका.

"जडीबुटीला साइड इफेक्ट नसतो" हे आपल्याकडे शिकलेली माणसंही म्हणतात. कोरोनाच्या काळात निंबावरचा गुळवेल काढून घरोघरी काढे झाले. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत मुंबईत डॉ. आभा नागराल यांच्या गटाला गुळवेल घेणाऱ्या सहा जणांमध्ये लिव्हरची इजा आढळली. पुढे देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांतून असे 43 रुग्ण नोंदले गेले. आयुष मंत्रालयानं ते मानलं नाही, गुळवेल सुरक्षित आहे असंच सांगितलं. मी एवढंच म्हणते की टीबीच्या गोळ्या चालू असताना लिव्हरवर आणखी एक ओझं कशाला? तीच गोष्ट काविळीच्या माळेची, नाकात टाकायच्या कडू रसाची आणि चुन्याच्या पाण्यात हात धुऊन "कावीळ उतरली" दाखवणाऱ्याची. पाणी पिवळं होतं ते हाताला आधीच लावलेल्या पदार्थानं. त्यात जे दहा दिवस जातात, तेच दहा दिवस लिव्हरला हवे असतात.

औषधानं झालेला त्रास रुग्ण किंवा नातेवाईक स्वतःही सरकारला कळवू शकतात. त्यासाठी 2010 पासून भारतीय औषधसतर्कता कार्यक्रम आहे, मोफत क्रमांक 1800-180-3024. औषधाचं नाव, पाकिटावरचा बॅच नंबर, सुरू केल्याची तारीख आणि काय झालं, एवढं हाताशी ठेवा. पाकीट फेकून दिलं की बॅच नंबर जातो.

टीबीच्या रुग्णाच्या घरातल्यांना आता टीबी होऊ नये म्हणूनही गोळ्या दिल्या जातात, रोज सहा महिने आयसोनियाझिड किंवा आठवड्यातून एकदा अशा बारा मात्रा. त्या घ्याव्यात. त्यातही आयसोनियाझिड आहे, म्हणून वर सांगितलेल्या खुणा त्यांनाही लागू आहेत: भूक गेली, उलट्या लागल्या, तर आशाताईंच्या पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी फोन.